जुन्या बुलेटचं व्हायब्रेशन: हाताला मुंग्या येतात, करावं तं काय?

पांदणवाला (दारव्हा)
राम राम मंडळी. बाबांची कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट आहे, १९८४ ची, ३४६ सीसी, उजव्या पायात गिअर अन् डाव्या पायात ब्रेक. मागच्या दिवाळीत तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये इंजिन खोललं, बोअर मारला (सिलिंडर आतून घासून मोठा केला), ओव्हरसाइज पिस्टन टाकला, क्लच प्लेटा बदलल्या. गाडी उचलते मस्त, धूरही बंद झाला, पण पंचावन्नच्या वर गेली की हँडल असं फुरफुरते की यवतमाळला पोचेपर्यंत दोन्ही करंगळ्या माझ्याच आहेत का दुसऱ्याच्या ते समजत नाही. नंबर प्लेट दोनदा तुटली, हेडलाइटचा बल्ब महिन्याच्या आत गेला, आरशात मागून ट्रक येऊन राहिला हे दिसते पण एक येऊन राहिला की तीन हे सांगता येत नाही. गॅरेजवाला म्हणते बुलेट आहे भाऊ, थरथरणारच. पण बाबा म्हणतात आधी अशी नव्हती, तुला टाकीवर बसवून बैलबाजारात न्यायचो तेव्हा तू तिथेच झोपून जायचा.

तर सुरुवात कुठून करू? कोणी म्हणते हँडलमध्ये वजन टाक, कोणी म्हणते जेलचे ग्रिप लाव, कोणी म्हणते इंजिनखाली रबर दे. पैसे मोजके आहेत, सोयाबीनचे भाव तुम्हाला माहीतच आहेत.

खर्रा_बंद
उपाय पहिला, गाडी विकून टाक. उपाय दुसरा, मले विक.

वऱ्हाडी_ठेचा (कारंजा लाड)
भाऊ तू शकुंतलेत बसला होता का कधी? मुर्तिजापूरवरून यवतमाळला जायची ती नॅरोगेज. त्यात ज्यानं पायावर पाय टाकून खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटला त्याच्यासाठी तुझी बुलेट म्हणजे पाळणा आहे.

खर्रा_बंद
@वऱ्हाडी_ठेचा शकुंतलेत खर्रा घोटावाच लागत नव्हता, हातात धरला की आपोआप घोटून निघे.

इंजिनकाका (परतवाडा)
पांदणवाला भाऊ, मस्करी होत राहीन, मी कामाचं सांगतो. आपल्याकडं विहिरीवर पूर्वी डिझेल इंजिनं होती, एका सिलिंडरची, दोन्ही बाजूला मोठी चाकं असलेली. ते इंजिन थरथरू लागलं तर आपण काय करायचो? त्याच्या खाली गोधडी टाकायचो का? नाही. पाना घेऊन आधी फाउंडेशनचे बोल्ट पाहायचो. एखादा ढिला निघायचाच, नाहीतर सिमेंट फुटलेलं असायचं. गाडीचंही तेच.

आधी थरथर येते कुठून ते ठरव. चौथ्या गिअरात पंचावन्नला फुरफुरते ना, मग तिसऱ्या गिअरात चाळीसला नेऊन पाहा. तिथंही तशीच फुरफुरली तर दुखणं इंजिनात किंवा इंजिनाच्या बांधणीत आहे, कारण दोन्हीकडं इंजिनाचे फेरे जवळपास सारखे येतात. तिसऱ्यात चाळीसला शांत असेल आणि कोणत्याही गिअरात बरोबर पंचावन्नलाच सुरू होत असेल तर चाकं पाहा. रिम वाकडी फिरते का, टायर उठला आहे का, स्पोक ढिले आहेत का. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच स्पीडला क्लच दाबून थ्रॉटल सोड. थरथर गेली तर चाकं निर्दोष.

इंजिनाकडं निघालं तर सगळे माउंटिंग बोल्ट. पुढच्या प्लेटा, खालचा, मागचा गिअरबॉक्सजवळचा. नुसते आवळू नको. सगळे अर्धे ढिले कर, इंजिन आपल्या जागी बसू दे, मग आळीपाळीनं आवळ. प्लेट आणि फ्रेममध्ये फट दिसली तर बोल्टानं ओढून बंद करायची नाही, तेवढ्या जाडीचा वॉशर घालायचा. ओढून आवळलं की फ्रेमवर ताण राहतो आणि एखाद दिवशी कान तुटून हातात येतो. आणि वरची पट्टी पाहा, सिलिंडर हेडापासून फ्रेमला जाते ती, हेड स्टेडी म्हणतात.

संत्रा_बर्फी (काटोल)
काकांचं सगळं बरोबर पण इंजिनखाली रबर द्यायला काय हरकत आहे? नव्या गाड्यांत देतात की. माझ्या एका मित्रानं ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे कापून दिले होते.

इंजिनकाका (परतवाडा)
@संत्रा_बर्फी नाही, हे करू नका. या बुलेटची फ्रेम खाली पूर्ण वेढा घालत नाही. पुढची नळी इंजिनापाशी येऊन संपते, तिथून मागपर्यंत फ्रेमचं काम इंजिन स्वतः करते. तिथं रबर घातलं म्हणजे घराच्या मधल्या खांबाखाली उशी ठेवल्यासारखं. गाडी वळणावर डुलेल आणि प्राइमरी चेन (इंजिनापासून क्लचपर्यंतची), मागची चेन सगळ्यांची लाइन बिघडेल. ज्या गाडीत रबर माउंट देतात तिची फ्रेमच तशी बनवलेली असते. ट्यूबचे तुकडे टाकीखाली द्या, हेडलाइटला द्या, नंबर प्लेटला द्या, तिथं फार चांगले चालतात.

संत्रा_बर्फी (काटोल)
तरीच. मित्राची गाडी वळणावर झोपाळ्यासारखी व्हायची, आम्ही म्हणायचो टायर खराब आहे.

काळी_माती
हँडलमध्ये वजन टाकल्यानं फरक पडतो हे मात्र खरं. पण काय टाकायचं ते नीट ठरवा. मी आधी नदीची रेती भरली. बूच नीट बसलं नव्हतं, रेती झिरपून थ्रॉटलच्या नळीत आली आणि ग्रिप फिरवला की पोटात कच कच. एकदा थ्रॉटल अर्ध्यावर अडकला आणि गाडी सरळ तुरीच्या वावरात. मग रेती काढली आणि डोकं चालवून ज्वारी भरली, म्हटलं हलकी आहे, कोरडी आहे, घरची आहे. पावसाळ्यात ग्रिपच्या तोंडातून कोंब बाहेर.

वऱ्हाडी_ठेचा (कारंजा लाड)
हुरडा पार्टीले बोलावलं नाई तुनं 😂

काळी_माती
हसा. आई म्हणाली पेरलं असतं तर चार पायल्या झाली असती.

शेवटी एअरगनचे शिशाचे छर्रे भरले, दोन्ही टोकांना रबरी बूच मारलं, वरून सिलिकॉन. दोन वर्षं झाली. थरथर गेली असं म्हणणार नाही, आधी पंचावन्नला यायची ती आता पासष्टच्या पुढं येते, आणि पासष्टच्या पुढं मी जातच नाही.

पाटी_पेन्सिल (पुसद)
काळी_माती भाऊंनी शेवटी जे लिहिलं ते अगदी बरोबर निरीक्षण आहे. मी ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते आणि आमच्या घरीही सासऱ्यांची जुनी बुलेट आहे, म्हणून थोडं लांब लिहिते, वाचायचं नसेल तर पुढं जा.

या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, म्हणजे पिस्टन प्रत्येक वेळी नऊ सेंटिमीटर वर आणि नऊ सेंटिमीटर खाली जातो. साठच्या स्पीडला चौथ्या गिअरात इंजिन मिनिटाला जवळपास तीन हजार फेरे घेतं, सेकंदाला पन्नास. म्हणजे ते धूड सेकंदाला शंभर वेळा थांबतं आणि उलटं फिरतं. प्रत्येक वेळी थांबवायचा झटका क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला) बसतो, तिथून केसला, तिथून फ्रेमला, आणि शेवटी तुमच्या करंगळीला.

कंपनी क्रँकच्या चाकांवर समोरच्या बाजूला वजन ठेवते. मग पूर्ण पिस्टनइतकं वजन ठेवून विषय का संपवत नाहीत? कारण पिस्टन फक्त वर-खाली जातो पण ते वजन गोल फिरतं. वर-खालीचा झटका त्यानं मारला तरी मधल्या स्थितीत ते स्वतःच पुढं-मागं ओढतं. म्हणून अर्ध्याच्या आसपास तोलतात, उरलेलं थोडं उभं थोडं आडवं वाटून देतात. एका सिलिंडरच्या साध्या इंजिनात ही थरथर शून्य होत नसते.

दुसरं म्हणजे वेग. गोफण फिरवली आहे ना सगळ्यांनी, पाखरं हाकलायला? जोरात फिरवली की दगड हात किती ओढतो? फेरे दुप्पट तर ओढ चौपट. पन्नासवरून सत्तरला गेलात तर वेग दीडपटही होत नाही पण झटका जवळपास दुप्पट होतो. आणि हँडलच्या नळीची स्वतःची एक लय असते, इंजिनाची लय तिच्याशी जुळली की ती खंजिरीसारखी वाजते. नळीत वजन भरलं की ती जड होते आणि तेवढ्याच झटक्यानं कमी हलते, म्हणून थरथर हाताला जाणवायला जास्त स्पीड लागतो. भाऊंची पंचावन्नची पासष्टला गेली ती अशी. झटका तेवढाच आहे, फक्त हाताला वेगळ्या ठिकाणी भेटतो.

खर्रा_बंद
मॅडम तुम्ही आमच्या कॉलेजात असत्या तं मी बारावी पास झालो असतो.

सदाशिव_ते_सातारा (पुणे)
एवढा खटाटोप कशाला? नवीन ३५० घ्या. २०२० मध्ये बुलेटच्याच कंपनीच्या मेटिऑर गाडीबरोबर ३४९ सीसीचं नवीन इंजिन आलं, त्यात बॅलन्सर शाफ्ट आहे, उलटं फिरणारं वजन. ऐंशीलाही चहा सांडत नाही.

वऱ्हाडी_ठेचा (कारंजा लाड)
आले पुण्याचे. दादा, त्यानं औषध विचारलं, तुम्ही नवी बायको करून द्याले निघाले.

सदाशिव_ते_सातारा (पुणे)
मी फक्त तांत्रिक पर्याय सुचवला. आणि माझ्याकडेही येझदी आहे, जुन्या गाड्यांचं प्रेम मलाही आहे. टू-स्ट्रोक असूनही थरथर फार नाही.

म्हशीचं_दूध (आर्वी)
येझदीचं कौतुक राहू द्या. राजदूत १७५ चालवली का कोणी दोन्ही बाजूला दुधाच्या कॅना लावून? माझ्या वडलांनी वीस वर्षं चालवली. मागच्या मडगार्डचा आधार दर सहा महिन्यांनी तुटायचा, वेल्डिंगवाला घरचाच झाला होता, लग्नात आहेर घेऊन आला. कॅनांमुळं वजन मागं गेलं की पुढचं हँडल जास्त थरथरायचं. वडील म्हणायचे दूध घरून निघते अन् गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत वर लोणी येते.

पॉइंट_गॅप (मंगरूळपीर)
टायमिंगचा, म्हणजे स्पार्क कधी पडतो त्याचा, विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. इंजिन खोललं तेव्हा डिस्ट्रिब्युटर हललाच असणार, त्याच्यातच स्पार्क पाडणारे पॉइंट असतात. स्पार्क लवकर पडू लागला की पिस्टन वर येता येताच त्याला खाली दाबतो, मग आवाजही कडक येतो आणि हाताला कर्रर्र लागते. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) लावून. मग पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून इंजिन हातानं हळू फिरवायचं, कागद सुटला की पॉइंट उघडला, तीच स्पार्कची वेळ. शिवाय प्राइमरी चेन पाहा, जिथं सर्वांत जास्त ताणली जाते तिथं पाव इंच खेळ पाहिजे. क्लच प्लेटा बदलल्या म्हणजे तिथंही हात लागलाच आहे.

पांदणवाला (दारव्हा)
सगळ्यांचे आभार. काल दिवसभर हेच केलं, पऱ्हाटीला (कापसाला) पाणी द्यायचं राहिलं, बोलणी खाल्ली.

तिसऱ्यात चाळीसला नेली, तिथंही तशीच फुरफुरते. पंचावन्नला क्लच दाबून थ्रॉटल सोडला तर एकदम चूप, टायरचा आवाज ऐकू आला. म्हणजे इंजिनच. टायमिंग थोडं पुढं होतं, गॅप भाऊंनी सांगितलं तसं कागद लावून बसवलं. बोल्ट ढिले करून आवळले, पुढच्या प्लेटला खरंच फट होती, वॉशर घातला. फरक पडला, पण रुपयात चार आणे.

आता एक शंका. जुना पिस्टन बाबांनी टेबलावर पेनं ठेवायला ठेवला आहे. तो अन् नवा यांच्या वजनात फरक असेल तर? गॅरेजवाल्यानं कोणता टाकला मला माहीत नाही, नुसतं 'चांगला आहे' म्हणाला. त्याच्याकडं त्याच साइजचा दुसरा त्याच कंपनीचा पडला आहे, तो मागून आणला.

इंजिनकाका (परतवाडा)
सोनाराकडं जा. पिन, रिंगा, सर्क्लिप (पिन अडकवायची क्लिप) सगळ्यासकट तोलून घे, दोन्ही.

पांदणवाला (दारव्हा)
गेलो होतो. सोनारानं आधी विचारलं, हे मोडायचं की गहाण ठेवायचं? 😅 नवा १४ ग्रॅमनं जड आहे.

वऱ्हाडी_ठेचा (कारंजा लाड)
१४ ग्रॅम सोनं असतं तं नवी गाडी आली असती.

पाटी_पेन्सिल (पुसद)
हिशोब करून पाहिला. १४ ग्रॅम, क्रँकची त्रिज्या ४५ मिलिमीटर, तीन हजार फेरे. झटका साधारण ६२ न्यूटन येतो, म्हणजे सहा किलोच्या थोडं वर. ऐकायला मोठा वाटतो. पण धरून चाला की पिस्टन ४०० ग्रॅमचा आहे, तर त्या अख्ख्याचा झटका याच हिशोबानं १८० किलोच्या घरात जातो, आणि त्यातला अर्धाच क्रँक तोलतो. त्यापुढं सहा किलो म्हणजे लग्नाच्या पंगतीत एक पाहुणा जास्त. हाताला मुंग्या येण्याइतकं मोठं काहीतरी दुसरीकडं आहे असं मला वाटतं.

पॉइंट_गॅप (मंगरूळपीर)
मॅडम मान्य, पण आमच्याकडचे मिस्त्री पिस्टन आतून घासून वजन जुळवतात आणि फरक पडतो म्हणतात. सगळे खोटं थोडीच बोलतात.

पाटी_पेन्सिल (पुसद)
खोटं नाही म्हणत मी. पण पिस्टन घासायला इंजिन पुन्हा खोलावं लागतं, ते खोललं की बोल्ट पुन्हा आवळले जातात, टायमिंग पुन्हा लागतं. फरक कशानं पडला ते कोणी वेगळं करून पाहिलं?

इंजिनकाका (परतवाडा)
पांदणवाला, तू बोल्टांचं लिहिलं पण वरच्या पट्टीचं काहीच लिहिलं नाही. टाकी काढ आणि हेडाच्या वरचा फोटो टाक.

कंपाउंडर_भाऊ
तोवर एक सांगून ठेवतो. करंगळ्या बधिर होणं हसण्यावारी नेऊ नका. ड्रिल मशीन, चेनसॉ वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांची बोटं पांढरी पडतात ती याच थरथरीनं. हँडल घट्ट धरलं की जास्त शिरते, म्हणून पकड ढिली ठेवा, अर्ध्या तासानं थांबा, मनगट सरळ राहील असं हँडल फिरवून घ्या. गाडी थांबल्यावरही मुंग्या जात नसतील तर डॉक्टरला दाखवा.

आणि मोबाइल हँडलला अडकवू नका, माझ्या मोबाइलचा कॅमेरा गेला, आता सगळे फोटो पाण्याखालचे येतात. मोटारसायकलच्या थरथरीनं कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं असं २०२१ मध्ये अॅपलनंही जाहीर सांगितलं होतं.

सदाशिव_ते_सातारा (पुणे)
आणखी एक, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दातानं मोठं लावता येतं. त्याच स्पीडला इंजिनाचे फेरे सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतात.

म्हशीचं_दूध (आर्वी)
लागते. पण मग मागं बायको, मधात पोट्टा, समोर टाकीवर ढेपेचं पोतं अशी गाडी चढावर चौथ्यात ओढत नाही. पुण्यात चालत असेल.

सदाशिव_ते_सातारा (पुणे)
हे मात्र बरोबर. मान्य.

पांदणवाला (दारव्हा)
मंडळी, सापडलं. बसून वाचा.

टाकी काढली. फोटो काकांना टाकलाच आहे. हेडावर स्टड आहेत, फ्रेमला कान आहे, मधात काहीच नाही. पट्टी गायब. म्हणजे दिवाळीपासून इंजिन वरून मोकळंच डुलून राहिलं होतं. गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणाला सगळं सामान पिशवीत भरून वापस दिलं होतं. पिशवी शोधली. जुन्या क्लच प्लेटा सापडल्या, जुन्या रिंगा सापडल्या, पट्टी नाही. आईला विचारलं, भंगारवाल्याला दिली का? ती म्हणाली मी लोखंड देत नसते, तुझ्या बाबाला विचार.

बाबा गोठ्यात होते. म्हणाले कोणती पट्टी? मी वीतभर हात करून दाखवलं, दोन्हीकडं भोकं असलेली. बाबा काहीच बोलले नाहीत, उठले, अन् मांडवाखाली ठेवलेल्या डवऱ्याकडं (कोळप्याकडं) बोट दाखवलं. डवऱ्याच्या दांडीला तडा गेला होता, तिथं ती पट्टी दोन बोल्टांनी आवळून बसवलेली. म्हणाले, पिशवीत चांगलं लोखंड पडलं होतं, मला वाटलं जुनं काढून टाकलं.

पट्टी घासून साफ केली, एक भोक बाबांनी मोठं केलं होतं तिथं जाड वॉशर अन् नायलॉक नट टाकला, काकांनी फोनवर सांगितलं तसं आधी सगळे माउंटिंग नीट बसवून शेवटी पट्टी आवळली. आज सकाळी यवतमाळला जाऊन आलो. पंचावन्न, साठ, काहीच नाही, म्हणजे आहे, पण बुलेटची असते तेवढीच. आरशात ट्रक एकच दिसला. पासष्टच्या पुढं थोडी येते, ते मॅडमच्या गोफणीचं समजतो.

इंजिनकाका (परतवाडा)
शंभर किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा एकदा तपास. नवीन बसलेलं थोडं ढिलं होतंच.

पॉइंट_गॅप (मंगरूळपीर)
तरी पण ते १४ ग्रॅम राहिलेच.

पाटी_पेन्सिल (पुसद)
राहू द्या भाऊ, पुढच्या बोअरच्या वेळी पाहू 🙂

काळी_माती
टाकी काढून आत्ताच पाहिलं. माझ्या गाडीलाही पट्टी नाही. अन् मी दोन वर्षं छर्रे घेऊन फिरून राहिलो.

वऱ्हाडी_ठेचा (कारंजा लाड)
तुझ्या घरचा डवरा पाय आधी.

पांदणवाला (दारव्हा)
डवऱ्यावरून आठवलं. पट्टी काढल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. डवरणी तोंडावर आली आहे अन् डवरा मधून हलून राहिला. त्याला काय लावायचं ते कोणी सांगता का?